शिवला न्हाई!

पवारांच्या प्रचाराचा नारळ कन्हेरीच्या ज्या मारुतीपुढे फुटतो, तो अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्याच देवळापाशी बसून अमेरिकेतल्या सामन्यांचे निकाल लावणारे आमचे अप्पा मात्र गावाबाहेर कुणाला ठाऊक नाहीत. हयात खो-खोची पंचगिरी करण्यात गेली. ‘डेक्कन जिमखान्यानं १९१४ ला नियम केले, तवापासून मैदानातला गडी शिवल्याबिगर बाद न्हाई,’ हे ते चहा विचारणाऱ्यालाही ऐकवतात.

नातू न्यू जर्सीत हायस्कूलकडून बेसबॉल खेळतो. शनिवारी तिकडे सकाळ, इकडे दिवेलागण. सूनबाई मैदानातून फोन लावते.

‘बेस चोरला’ हे प्रथम ऐकलं तेव्हा अप्पा हबकले. चेंडू टाकणाऱ्याची नजर चुकवून गडी ९० फुटांवरच्या पुढच्या तळावर सटकतो, एवढंच ते. ‘कालव्याचं पाणी चोरलं तर दंड, आन् ह्याला टाळ्या?’

मग आला फोर्स आउट. चेंडू मारून फलंदाज पळाला की पहिल्या तळावरच्यानं जागा सोडायचीच, कारण एका तळावर दोघं राहत नाहीत. हे अप्पांना लगेच पटलं. ‘खोच की! मागनं खो बसला की उठायचं.’ पण पुढच्या तळावर चेंडू आधी पोचला तर त्याला न शिवताच बाद? ही अस्पृश्यता त्यांनी आजवर मान्य केलेली नाही.

गेल्या शनिवारी नातू पहिल्या तळावर होता. फलंदाजानं चेंडू सरपटत मारला. पहिल्या तळावरच्या क्षेत्ररक्षकानं तो उचलला, तळावर पाय ठेवून फलंदाजाला बाद केलं आणि चेंडू दुसऱ्या तळाकडे फेकला. तिथला पोरगा चेंडू घेऊन तळावर नुसता उभा राहिला. नातू मान खाली घालून बाहेर निघाला.

‘आरं, शिवला न्हाई! शिवला न्हाई!’ अप्पा फोनवर ओरडले.

‘कोण, शिंपी?’ पारावरून कुणीतरी विचारलं. ‘सदरा कधी टाकला होता?’

‘अप्पा, फोर्स आउट आहे तो,’ सूनबाई म्हणाली.

‘मागचा गडी आधीच बाद झाला ना? मग खो कुणाचा?’

अप्पांचं बरोबर होतं. मागचा बाद झाला की सक्ती संपते, मग पुढच्याला चेंडूनं शिवावंच लागतं. पण नातू तोवर बाकावर जाऊन बसला होता, आणि मैदान सोडलं म्हणून पंचांनी त्याला खरोखरच बाद दिलं.


अप्पांनी त्या पंचाचा फोन नंबर मागितला आहे.