जसे आहे, जेथे आहे

मुळशी तालुक्यात गाडी दोनदा येते. पहिल्यांदा येते ती शोरूममधून: बॉनेटवर हार, चाकाखाली लिंबू, मागच्या काचेवर ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’. जमिनीचा व्यवहार नुकताच झालेला असतो. थोडे पैसे रोख आणि बाकीचे हप्त्यांनी. तीच गाडी तीन-चार वर्षांनी दुसऱ्यांदा येते, तेव्हा हार नसतो, लिंबू नसतं आणि पुढच्या चाकात हवाही नसते. मधल्या काळात हप्ते थकतात, फायनान्सवाले गाडी ओढून यार्डात लावतात आणि लिलावात कुणीतरी ती घेऊन टोचन करून आणतो. पहिल्या खेपेला गाडी आणणाऱ्याला लोक गुंठामंत्री म्हणतात. दुसऱ्या खेपेला आणणाऱ्याला ‘लिलाववाले अण्णा’. पिरंगुटपासून ताम्हिणीपर्यंत दर दोन-तीन गावांमागे असा एक अण्णा सापडतोच.

अण्णा डीलर नाहीत, हे पहिल्यांदा ध्यानात घ्यावं. डीलर विकण्यासाठी घेतो. अण्णा घेण्यासाठी घेतात.

पेपर ते मागच्या पानापासून वाचतात. जाहीर लिलावाची नोटीस दिसली की चष्मा पुसतात. तिच्यातलं त्यांचं आवडतं वाक्य म्हणजे ‘जसे आहे, जेथे आहे’. म्हणजे गाडी असेल तशी घ्यायची, उभी असेल तिथून न्यायची आणि वेशीबाहेर इंजिन बसलं तर विकणाऱ्याच्या नावानं बोंब मारायची नाही. दुसऱ्या कुणाला हे वाचून घाम फुटेल. अण्णांना त्यात सचोटी दिसते. ‘‘शोरूमवाला गोड बोलून लुटतो. हे बिचारे आधीच सांगत्यात.’’

गाडी बघायच्या दिवशी अण्णा पीएमपीच्या बसने जातात. घराच्या अंगणात चार गाड्या उभ्या आहेत, पण वेळेवर पोचायचं असतं. पिशवीत विजेरी आणि फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक. यार्डात गाडी चालवून बघू देत नाहीत. फार तर चालू करून दाखवतात, तेही बॅटरीत जीव असला तर. त्यामुळे अण्णा सोयरीक बघायला आल्यासारखे काही न बोलता सगळं बघतात. चुंबक दारावरून फिरवतात. चिकटला नाही तिथं पत्रा कमी आणि पुट्टी जास्त. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढतात, कारण पुरात बुडालेली गाडी वरून कितीही धुतली तरी पट्ट्याच्या आत दडलेल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. मग पायाखालची चटई उचलून वास घेतात. २६ जुलै २००५ ला मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा अण्णांना नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा पक्का पाठ आहे. ‘‘पाऊस म्हणाल तर आमच्या ताम्हिणीचा. पण त्यो वाहून जातो. मुंबईचा गाडीत बसतो.’’

कागदपत्रांत अण्णांना फसवणं अवघड. ज्या तालुक्यात पोर पाटीआधी सातबारा वाचतं, तिथं आरसी बुकाचं काय कौतुक? बोजा इथेही आहेच. तो उतरवायला फॉर्म ३५, नाव बदलायला २९ आणि ३०. मूळ मालकाने आरसी दिलीच नाही, तर फायनान्सवाले फॉर्म ३६ भरून आधी ती स्वतःच्या नावावर करून घेतात. सरकारी लिलाव असेल तर फॉर्म ३२, आणि मुदत ३० दिवसांची. सरकारी जीपवर अण्णांचा विशेष जीव होता. पण १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून संपली आणि त्या थेट तोडायला जाऊ लागल्या. त्या आठवड्यात अण्णा नीट जेवले नाहीत, असं काकू सांगतात.

खरे अण्णा बघायचे ते बोलीला. आता बरेच लिलाव मोबाईलवर होतात. शेवटच्या मिनिटाला कुणी आकडा टाकला की वेळ वाढते. अण्णांना ते गोड लागत नाही, कारण समोरच्याचं तोंड दिसत नाही. त्यांचा सिद्धान्त तोंडावरच उभा आहे. डीलर दोन लाखांवर थांबला म्हणजे माल दोन लाखांचा पक्का. आपण पाच हजार वर जायचं. हिशोब बरोबर आहे, फक्त त्या मंडपात तो करणारे दोघं असतात. डीलर थांबून चहा मागवतात आणि दोन घरगुती गिऱ्हाइकांची जुंपते. त्यात समोरचा मावळातला निघाला की प्रश्न गाडीचा राहत नाही, तालुक्याचा होतो. शेवटी गाडी कुणाला मिळते? ज्याचा अंदाज सगळ्यांत जास्त चुकला असेल त्याला. त्यालाच जिंकणं म्हणतात.

मात्र बोललेली बोली अण्णा मोडत नाहीत. शेजारचं लवासा हे खासगी शहर उभारणारी कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. २०२३ मध्ये ती घेण्याचा १,८१४ कोटींचा प्रस्ताव मंजूर झाला, पण पैसे ठरल्याप्रमाणे आले नाहीत आणि २०२४ मध्ये मंजुरी मागे घेतली गेली. अण्णांनी ते कात्रण जपून ठेवलंय. ‘‘एवढी मोठी मानसं, बोलली आन् भरलं न्हाई. आपली अनामत कधी जप्त झाल्याली दाव.’’

‘‘कितीला पडली?’’ या प्रश्नासाठी अण्णा जगतात. ‘‘एक पंच्याऐंशी,’’ ते हळूच सांगतात. बॅटरी, चार टायर, क्लच, थकलेली चलनं, इन्शुरन्स, दुसरी किल्ली आणि टोचन हे सगळं वेगळ्या वहीत असतं. तो खर्च, किंमत नव्हे. ती वही काकूंनी वाचलेली आहे. ‘‘ह्यांच्या स्वस्ताईपायी भाताचं खाचर जायचं हुतं. म्या अंगठा न्हाई दिला, म्हून ऱ्हायलं.’’

एक नियम अण्णा कटाक्षाने पाळतात: ओळखीच्या माणसाच्या गाडीवर बोली लावायची नाही. एकदा यार्डात गावातल्याच पोराची गाडी निघाली. काचेवरचा आशीर्वाद अजून शाबूत होता. अण्णांनी चुंबक पिशवीतून काढलाच नाही. ‘‘त्याच्या बानं इंद्रायणी भाताचं खाचर इकून घेतल्याली,’’ एवढंच म्हणाले आणि पुढच्या रांगेत गेले. पुढे त्या पोराच्या लग्नाला गाडी लागली, तेव्हा अण्णांनी आपल्या चारांतली एक फुकट दिली. वऱ्हाडी ढकलायला भरपूर होते, त्यामुळे मुहूर्त चुकला नाही.

या चार गाड्या अण्णा विकत मात्र नाहीत. विकायला काढली की गिऱ्हाईक आकडा सांगणार, त्या आकड्याशेजारी वहीतली बेरीज उभी राहणार आणि इतक्या वर्षांची स्वस्ताई एका संध्याकाळी महाग पडणार. अंगणात उभी आहे तोवर गाडी एक पंच्याऐंशीचीच.

मध्यंतरी धाकट्या जावयाने धीर करून सुचवलं, ‘‘मामा, दारात गंजण्यापेक्षा दोन गाड्या लिलावाला का नाही लावत?’’

अण्णांनी त्याच्याकडे दया आल्यासारखं पाहिलं. म्हणाले, ‘‘येडे का खुळे तुमी, पाव्हणं? लिलावात कधी भाव येतो व्हय!’’