डोकं तुमचं, इलाज आमचा

बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या काही गावांत, २०२४ संपता संपता लोकांचे केस मुठीमुठीने हातात यायला लागले. आरोग्य खातं पाण्याचे नमुने गोळा करत होतं, तोवर आपल्या वाहिन्यांनी निदान उरकलंसुद्धा : ‘टक्कल व्हायरस’! व्हायरस कुणी पाहिला नव्हता. पण ‘टक्कल’ आणि ‘व्हायरस’ तांबड्या पट्टीत शेजारी शेजारी इतके शोभत होते, की तो असणं भागच होतं. पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. सेलेनियम काही पट्टीत तितकं शोभत नाही. मधल्या काळात त्या गावांतली ठरलेली लग्नं मोडल्याच्या बातम्या मात्र येऊन गेल्या.

शेगावचा प्रकार म्हणजे चाई नव्हे. पण चाई पडलेल्या कुणालाही त्या बातम्या घरच्याच वाटल्या असतील. आधी निदान, मग लांब सरकणं, आणि खरं कारण सगळ्यात शेवटी, तेही कुणी विचारलं तर.

म्हणून कारण आधीच सांगून टाकतो. चाईत शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा केसाच्या मुळावरच तुटून पडते; राखणदारानेच घरच्या माणसाला चोर समजून बदडावं, तसं. डोक्यावर किंवा दाढीत रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडतो. काहींचं सगळं डोकं जातं, काहींच्या भुवया, पापण्याही. शंभरातल्या साधारण दोघांना आयुष्यात कधी ना कधी हे होतं, शाळकरी पोरांनाही होतं. कंगवा, टॉवेल, उशी, कशानेही पसरत नाही. केसांत किडा शिरत नाही, आणि आईने लहानपणी तेल लावलं नाही म्हणूनही हे होत नाही. (आई बिचारी आधीच बऱ्याच गुन्ह्यांत आरोपी असते.)

आता गोची अशी, की या हल्ल्यात केसाचं मूळ मरत नाही. त्यामुळे लहान चट्टे असलेल्या पुष्कळ लोकांचे केस वर्षभरात आपसूक परत येतात. मनात आलं तर पुन्हा जातात, पुन्हा येतात. हा आजाराचा चांगुलपणा म्हणायचा, पण सगळ्या फुकट सल्ल्यांचं भांडवलही तेच. कांद्याचा रस चोळला, माक्याचं तेल झालं, लसूण झाला, कुणी सांगितलं म्हणून मंगळवार धरले. एके दिवशी चट्ट्यावर पांढरी लव दिसली. त्या आठवड्यात जे चालू होतं, ते औषध जिंकलं. आधीचे सगळे इलाज विस्मरणात गेले आणि आत्याचे दीर आयुष्यभरासाठी केशतज्ज्ञ झाले. त्यांना खोटारडे म्हणता येत नाही, कारण केस खरंच आले होते.

कांद्याने फार तर बस रिकामी होईल. पण गुंज उगाळून लावा, रुईचा चीक चोपडा, असंही छातीठोकपणे सांगितलं जातं. गुंजेच्या बीत ॲब्रिन नावाचं जहाल विष असतं आणि रुईच्या चिकाने कातडी भाजते. केस गेले होते, आता कातडीही जाते.

उलट त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. तो चट्ट्यात स्टेरॉइडची बारीक बारीक इंजेक्शनं देतो. आजार फार पसरला असेल तर गोळ्या आहेत. त्यातल्या बॅरिसिटिनिबला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०२२ मध्ये या आजारासाठी मान्यता दिली. पण रक्त तपासत राहावं लागतं, संसर्गाचा धोका वाढतो आणि गोळी थांबवली की केस पुन्हा जाऊ शकतात. एवढं सगळं सांगून वर तो म्हणतो, ‘बघू या.’ ‘गॅरंटी’ म्हणतात ते फक्त आत्याचे दीर. लोकांनी विश्वास कुणावर ठेवावा, तुम्हीच सांगा!

२०२२च्याच मार्चमध्ये, बायकोच्या केसांवरून विनोद केला म्हणून, ऑस्करच्या मंचावर विल स्मिथने क्रिस रॉकच्या कानाखाली वाजवली, तेव्हा त्या बायकोचा, जेडा पिंकेट स्मिथचा, आजार जगभर पोचला. तिने तो २०१८ सालीच स्वतःच्या तोंडाने सांगितला होता. पण बाईने नीट सांगितलेलं कुणी ऐकत नाही, पुरुषाने हात उचलला की बातमी होते. त्यातही चर्चा कशाची? थप्पड योग्य की अयोग्य, याची.

बाईचं डोकं हा आपल्याकडेही कधी तिचा खासगी मामला नव्हता. विधवांच्या केशवपनाला आपण हात लावणार नाही, असं मुंबईच्या नाभिकांनी १८९० साली कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सभा घेऊन ठरवलं. वस्तरा थांबला, चौकशी चालूच राहिली. तिरुपतीला केस वाहून आलेल्या बाईला आपण नमस्कार करतो. तेच केस आजाराने नेले, की ‘काय गं, असं काय झालं?’ हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत, भाजीवाढप्याच्या साक्षीने. आणि मुलगी लग्नाची असेल तर तिने विग लावावा की खरं सांगावं, यावर तिच्याखेरीज सगळे बोलतात.

सप्टेंबर हा या आजाराच्या जनजागृतीचा महिना असतो. आपल्याकडे जनजागृती म्हणजे प्रभातफेरी, फलक आणि फलकावर दाट केसांचे मान्यवर. पण जागं कुणाला करायचं? ज्याला चाई आहे तो रात्री दोनपर्यंत मोबाइलवर वाचत जागाच असतो.

सुरुवात सलूनपासून करा. डोक्यामागचा चट्टा स्वतःला दिसत नाही, तो आधी दिसतो सलूनवाल्याला. त्याने वस्तरा फिरवून ‘आता दाट येतील’ म्हणण्याऐवजी ‘साहेब, इथे चाई दिसतेय, डॉक्टरांना दाखवा’ एवढं म्हटलं तरी दहा फलकांचं काम होईल. मग शाळा. पोराने टोपी घातली की पीटीच्या सरांना शिस्त आठवते. त्यांना डॉक्टरांची चिठ्ठी द्या, आणि ‘संसर्गजन्य नाही’ ही ओळ ठळक अक्षरांत सगळ्यात वर घाला. सर चिठ्ठी पूर्ण वाचत नाहीत.