उंचीचा हिशेब

पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे. मॉरिशसमधला ल पूस हा डोंगर 812 मीटरचा. म्हणजे पुणेकर माणूस सकाळी अंथरुणात डोळे उघडतो तेव्हाच तो ल पूसच्या दोन तृतीयांश उंचीवर असतो. हा हिशेब मी विमानातच हिला ऐकवला. "मग उरलेला तुम्ही चपलेत उरका," म्हणाली आणि खिडकीकडे वळली.

या देशातलं सर्वांत उंच शिखर 828 मीटरचं, दुसरं पीटर बोथ 820 आणि ल पूस तिसरा. पहिल्या आणि तिसऱ्यात जेमतेम सोळा मीटर. बोर्डाच्या गुणवत्ता यादीतसुद्धा इतकी चुरस नसते. आपल्या कळसूबाईत यांचं सर्वोच्च शिखर जवळजवळ दोनदा मावतं. सह्याद्रीच्या माणसाने इथे दाखवायचा तो नम्रपणाच, असं मी ठरवलं होतं.

सेंट पिएरच्या बाजूने निघालो. सुरुवातीला उसाचे मळे, त्यामुळे सांगली जिल्ह्यात असल्यासारखा आत्मविश्वास वाढतो. मग झाडी लागते आणि चिखल सुरू होतो. एक पाय बाहेर निघतो, बूट मागे राहतो. वाटेवर चिनी पेरूची गर्दी होती, लाल, सुपारीपेक्षा जरासे मोठे. बाहेरून आलेली ही झाडं बेटावरच्या मूळ झाडांच्या मुळावर उठली आहेत, हे मी वाचलं होतं. तेव्हा दर दहा पावलांवर थांबून मी पर्यावरणाची सेवा करत होतो.

"दमलात का?"

"पेरू खातोय."

"बेटावर विषारी साप नाहीत म्हणे. मग ही काठी कशाला?"

काठी असली की माणूस थांबलेला वाटत नाही, विचारात पडलेला वाटतो. पण हे बायकोला सांगण्यासारखं नाही.

2 मे 1836 रोजी चार्ल्स डार्विन हा डोंगर चढला. वय 27, चार वर्षांहून अधिक काळ बोटीवर काढलेला. त्याच मुक्कामात लॉइड नावाच्या कॅप्टनने त्याला हत्तीवर बसवलं. बेटावर तेव्हा तो एकच हत्ती होता. मात्र हत्ती मिळाला तो ल पूसवर नव्हे, दुसऱ्या एका सहलीत. साहेबांचं नियोजन आपण उगीच वाखाणतो.

ल पूस म्हणजे अंगठा. तळहातापर्यंत आम्ही माणसांसारखे गेलो. तिथून पुढचा खडा खडक मात्र चार पायांवर चढावा लागतो, आणि डार्विनच्या डोंगरावर हे करताना फार सूचक वाटतं. वारा असा की टोपी घालणं म्हणजे ती दान करणं. माथ्यावर समुद्र चहूकडून अंगावर येतो. खाली पोर्ट लुई, त्यात 1812 सालचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान, आणि बाजूला पीटर बोथ. त्याच्या डोक्यावर प्रचंड गोल धोंडा आहे. एका गवळ्याने पऱ्यांचं गुपित फोडलं आणि त्याचा दगड झाला, अशी तिथली कथा.

"अहो, कडेला जाऊ नका!" ही ओरडली. तर शेजारी बसलेला एक तरुण वळून म्हणाला, "आपण महाराष्ट्रातून आलात का?" त्याची मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळे आमच्यापेक्षा शुद्ध. याचे पूर्वज रत्नागिरीकडचे, गिरमिटाच्या करारावर उसाच्या मळ्यात आलेले. घरी क्रिओल बोलतात, गणपती बसवतात, आणि गणेश चतुर्थीला इथे देशभर सुट्टी असते.

"पुण्यातही डोंगर आहेत?" त्याने विचारलं.

मी याचीच वाट पाहत होतो. "सिंहगड. 1300 मीटर!"

"वर काय आहे?"

"किल्ला. 1670 साली तानाजी मालुसरे..." सगळी लढाई मी वाऱ्यावर ओरडून सांगितली, घोरपडीसकट.

"आणि आता?"

"आता पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही."

तो जरा विचारात पडला. "मग डोंगर केव्हा पाहता?"

हिला तो मुलगा फारच आवडला. दाल पुरीची चांगली गाडी कुठे लागते, हेही तिने त्याच्याकडून काढून घेतलं. उतरून थेट तिथेच गेलो. तिथे दाल पुरी जोडीने देतात. एक मागितली की दोन येतात. मी तीनच मागितल्या.

हिने मात्र सहा मोजल्या.