पॉडकास्टव्रत: विधी आणि फलश्रुती

इंग्रजी सुधारायचे मनावर घेतलेल्या मराठी माणसाला पूर्वी फार कष्ट पडत. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणायची, रेन आणि मार्टिनच्या जाडजूड व्याकरणाला खाकी कव्हर घालायचे, वहीला समास आखायचा, वाक्ये लिहायची आणि मास्तरांकडून ती लाल करून आणायची. पॉडकास्टने ही यातायात संपवली. आता वही नको, पेन नको, मास्तर तर नकोच नको. कानात इअरबड घातले की भाजी निवडताना, बसच्या रांगेत किंवा ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करूनसुद्धा व्याकरणाचा व्यासंग करता येतो. अशा होतकरू साधकांच्या सोयीसाठी या व्रताचा संपूर्ण विधी येथे देत आहोत. श्रद्धेने वाचावा.

१. संकल्प

व्रताला कोणताही दिवस चालतो. तरी १ जानेवारी, गुढीपाडवा आणि साहेबांनी सगळ्यांसमोर आपला ईमेल वाचून दाखवला तो दिवस, हे मुहूर्त विशेष फलदायी. उजव्या हातात फोन धरून साधकाने म्हणावे, "पाचवीपासून इंग्रजी शिकलेला मी आजपासून रोज एक भाग ऐकेन." राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी सुरू झाले. त्यानंतर शाळेत गेलेल्यांनी 'पाचवी'च्या जागी 'पहिली' म्हणावे. बाकी संकल्पात फरक नाही. पुढे लिहिलेल्या रजेच्या अर्जातही फारसा दिसत नाही.

संकल्प व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर सोडल्यास पुण्य लगेच जमा होते, मग ऐकण्याची घाई राहत नाही.

२. देवतेची निवड

या क्षेत्रातले आद्य दैवत म्हणजे 'ग्रामर गर्ल'. मिन्यॉन फोगार्टी या अमेरिकी बाईंनी ते २००६ साली सुरू केले. छोटे छोटे भाग, त्यात इंग्रजी लिहिणाऱ्यांना पडणाऱ्या नेमक्या शंका आणि उदाहरणांत स्क्विगली नावाची गोगलगाय. ज्यांना कमी वेळात जास्त पुण्य हवे, त्यांनी बीबीसीचे 'सिक्स मिनिट इंग्लिश' धरावे. त्यात दोन निवेदक सुरुवातीला एक प्रश्न टाकतात आणि उत्तर शेवटी देतात. साधक उत्तरासाठी थांबतो आणि त्या ओघात चार नवे शब्द कानावरून जातात. हेलन झाल्ट्झमन यांचे 'द अल्युझनिस्ट' शब्दांच्या गोष्टी सांगते. जॉन मॅकव्हॉर्टर हे भाषाशास्त्रज्ञ 'लेक्सिकन व्हॅली' सांगताना असे रंगतात की आपण व्याकरण सुधारायला आलो होतो हे ऐकणारा विसरतो.

सर्वांना सबस्क्राइब करावे. एकावर भागवणे हे श्रद्धा कमी असल्याचे लक्षण होय.

३. श्रवणविधी

वेग दीडपट ठेवावा. दुप्पट ठेवल्यास निवेदिकेचा आवाज भांडखोर होतो; साध्या वेगाने ऐकल्यास समजू लागते आणि मग लिहून पाहावेसे वाटण्याचा धोका असतो. ऐकताना अधूनमधून मान डोलवावी. ठाणे ते दादर या टप्प्यात, दारात लटकलेल्या अवस्थेत मान आपोआप डोलते, म्हणून लोकल हे या व्रताचे उत्तम क्षेत्र. मधल्या गादीच्या जाहिरातीही सोडू नयेत. निवेदिका त्या अतिशय मन लावून वाचते आणि महिन्याभराने साधकाला जे इंग्रजी घडाघडा बोलता येते ते नेमके तेवढेच असते.

श्रवणातली एक अडचण मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. "इट्स आणि इट्स यांत गोंधळ करू नका," असे निवेदिका बजावते. एक इट्स मालकी दाखवते, दुसरे इट्स म्हणजे इट इज. पुढच्या भागात ती देअर, देअर आणि देअर यांतला फरक उलगडून दाखवते. साधकाने तो फरक एकाग्रतेने ऐकावा. ऐकू आला नाही तर आवाज वाढवावा. तरीही न आल्यास नवे इअरबड घ्यावेत.

४. स्वल्पविरामाची कहाणी

आटपाट नगर होते. त्याचे नाव मेन. ते अमेरिकेत आहे. तेथे ओकहर्स्ट नावाची डेअरी होती आणि दूध पोचवणारे ड्रायव्हर होते. कोणत्या कामांना ओव्हरटाइम लागू नाही, याची यादी राज्याच्या कायद्यात होती. यादीच्या शेवटी शब्द होते, 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन'. शिपमेंटच्या पुढे स्वल्पविराम नव्हता. ड्रायव्हर म्हणाले, "यात डिस्ट्रिब्युशन हे वेगळे काम धरलेलेच नाही. पाठवण्यासाठी किंवा वाटण्यासाठी माल बांधणे, एवढे एकच काम सांगितले आहे. आम्ही माल बांधत नाही, पोचवतो. आमचा ओव्हरटाइम टाका." २०१७ साली अपील कोर्टाला वाक्य संदिग्ध वाटले आणि कौल ड्रायव्हरांच्या बाजूने गेला. पुढच्या वर्षी डेअरीने ५० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. जसा स्वल्पविराम ड्रायव्हरांना पावला, तसा तुम्हांआम्हांला पावो.

ही कहाणी ऐकायला बहारीची आहे. परंतु कहाणीतला स्वल्पविराम ऐकून सापडत नाही. निवेदकाला थांबून "येथे स्वल्पविराम नाही बरे का" असे सांगावे लागते. ज्या वकिलांनी तो शोधला त्यांनी कायदा डोळ्यांसमोर धरला होता, दीडपट वेगाने ऐकला नव्हता. व्रतस्थांनी याचा फार विचार करू नये.

५. शंकासमाधान

शंका: वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन आणू नये, असे शाळेत शिकवले होते. पॉडकास्टवाले म्हणतात, खुशाल आणा. खरे कोण?

समाधान: पॉडकास्टवाले. सतराव्या शतकात जॉन ड्रायडन या कवीने या गोष्टीला नाक मुरडले, पुढच्या व्याकरणकारांनी त्या नापसंतीचा नियम केला आणि त्याच्या पट्ट्या मात्र आपल्या हातांवर बसल्या.

शंका: एकाच माणसाला 'दे' कसे म्हणायचे?

समाधान: निःसंकोच म्हणावे. मेरियम-वेबस्टर या शब्दकोशाने २०१९ साली 'दे' हाच वर्षाचा शब्द ठरवला. आपल्याकडे एकट्या साहेबांना 'ते आले' म्हणायची सवय आहेच. तेव्हा मराठी माणसाने दचकू नये.

शंका: अमेरिकी पॉडकास्ट पूर्णविराम अवतरणचिन्हाच्या आत टाकायला सांगते आणि ब्रिटिश पुष्कळदा बाहेर. काय करावे?

समाधान: एकच घर धरावे. दोन्ही ऐकणारे साधक एक आत आणि एक बाहेर टाकतात.

शंका: वर्षभर ऐकूनही साहेब माझे ईमेल दुरुस्त करतात, असे का?

समाधान: या शंकेसाठी वेगळे कलम लागेल.

६. गुप्त कलम

'ग्रामर गर्ल'सारखी पॉडकास्ट मुळात जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी आहेत. तो माणूस इंग्रजी कानाने शिकला, म्हणून त्याच्या चुकाही कानाच्या. तो इट्स आणि इट्स घोळवतो. 'कुड हॅव'चा उच्चार 'कुड ऑव्ह'सारखा ऐकू येतो, म्हणून तो तसाच लिहूनही टाकतो. मराठी शाळेतून आलेला माणूस ही चूक सहसा करत नाही, कारण त्याने 'कुड हॅव' आधी फळ्यावर पाहिलेले असते.

आपल्या चुका मराठीतून उतरलेल्या. 'मला दोन भाऊ आहेत' म्हणताना आपण 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' म्हणतो. 'काल गेलो होतो' म्हणून 'यस्टरडे आय हॅड गॉन', 'दोन दिवसांपासून' म्हणून 'सिन्स टू डेज', 'त्याविषयी चर्चा केली' म्हणून 'डिस्कस्ड अबाउट इट'. न्यूयॉर्कच्या माणसाच्या तोंडून 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' निघतच नाही, मग त्याच्यासाठी त्यावर भाग कोण काढणार? परक्याच्या दुखण्यावरचे औषध आपण नेमाने घेतो, आणि वर्षभराने आपल्या जुन्या चुका शाबूत असतात. नेम फारच कडक असेल तर त्यांत 'कुड ऑव्ह'ची भर पडते.

७. नैवेद्य

व्रताचा हा भाग बहुतेक साधक गाळतात, कारण त्यात लिहावे लागते. नैवेद्य म्हणून आपलाच एक रजेचा अर्ज घ्यावा:

'रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट दॅट आय अ‍ॅम सफरिंग फ्रॉम फीव्हर सिन्स टू डेज. काइंडली ग्रँट मी लीव्ह अँड डू द नीडफुल.'

आता तो मोठ्याने वाचावा. कानाचे खरे काम येथे आहे. 'रिस्पेक्ट' दोनदा ऐकू येतो. एक उडवावा, दुसराही उडवला तरी साहेब रागावत नाहीत. 'बेग टू स्टेट' वाचताना आपण आपोआप वाकतो. सरळ उभे राहावे. 'सिन्स'नंतर तापाची सुरुवात कधी झाली ते यावे लागते, उदाहरणार्थ सोमवार. किती दिवस झाले ते सांगायचे तर 'फॉर'. 'नीडफुल' म्हणजे काय करायचे हे साहेबांनाही माहीत नाही. त्यांना तारीख हवी असते. उरतो तो अर्ज असा: 'डिअर सर, आय हॅव हॅड अ फीव्हर फॉर टू डेज. प्लीज ग्रँट मी लीव्ह टिल थर्सडे.' ताप तेवढाच, वाक्ये शुद्ध.

दुसरा नैवेद्य ऐकण्याला लिहिण्याची जोड देतो. बीबीसी 'सिक्स मिनिट इंग्लिश'चा मजकूर छापील रूपातही देते. त्यातला एक परिच्छेद ऐकावा, मुद्दे टिपावेत, दोन दिवसांनी तो स्वतःच्या शब्दांत लिहावा आणि मुळाशी ताडून पाहावा. बेंजामिन फ्रँकलिन तरुणपणी 'स्पेक्टेटर' या नियतकालिकातल्या निबंधांवर हाच प्रयोग करत असे. त्याने आत्मचरित्रात तसे लिहून ठेवले आहे. त्याच्याकडे हेडफोन नव्हते, त्यामुळे त्याचे लक्ष विचलित झाले नाही.

एक नियम मात्र खरोखर कानाचाच आहे: 'अ' की 'अ‍ॅन'. त्यासाठी देवनागरी आपल्या बाजूने उभी आहे. इंग्रजी शब्द उच्चाराप्रमाणे मराठीत लिहून पाहावा. पहिले अक्षर स्वर असेल तर 'अ‍ॅन', व्यंजन असेल तर 'अ'. 'अवर' स्वराने सुरू होतो, म्हणून 'अ‍ॅन अवर'. 'युनिव्हर्सिटी'त पहिला य, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'अ मेंबर', पण 'अ‍ॅन एमएलए'. रोमन स्पेलिंगकडे बघणारे जिथे फसतात, तिथे आपली बाराखडी पार करते.

८. उद्यापन आणि फलश्रुती

जो हे व्रत केवळ श्रवणाने करतो, त्याला इंग्रजी व्याकरणाविषयी पुष्कळ माहिती होते. चहाच्या टपरीवर तो ड्रायडनला दोष देतो, डेअरीची कहाणी सांगतो आणि दुसऱ्यांच्या चुका काढतो. त्याचे स्वतःचे ईमेल पूर्वीसारखेच जातात.

जो ऐकून लिहितो, त्याच्या चुका कमी होतात, मात्र त्याला स्टेटस टाकायला वेळ उरत नाही. रेन आणि मार्टिनमधले रेन एके काळी मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होते. १९२४ साली त्यांची 'बो जेस्ट' ही कादंबरी आली आणि गाजली. व्याकरणाच्या पुस्तकावर त्यांचे नाव नंतर लागले. क्रम ध्यानात घ्यावा.

तेव्हा वाचकहो, पॉडकास्ट जरूर ऐका. फोगार्टीबाई चांगले शिकवतात आणि बीबीसीला पैसे लागत नाहीत. फक्त आजचा भाग संपला की पुढचा आपोआप सुरू होण्याआधी फोन बंद करा आणि पाच ओळी लिहा. मग त्या अशा माणसाला दाखवा, ज्याला तुमचा मुलाहिजा नाही. ऐकून व्याकरण कळते, लिहून ते येते, आणि साहेब वाचतात ते लिहिलेलेच.