गच्चीवरचे ओएम

सोसायटीच्या गच्चीवर साधारण दोन प्रकारची माणसं जातात. टाकी भरली का ते बघणारी आणि पापड वाळत घालणारी. तिसरा प्रकार विरळा. तो गच्चीवर जातो आणि वर बघत उभा राहतो. पुण्यात असा माणूस दिसला तर तो पतंगवाला नसून हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, असण्याचीच शक्यता जास्त. दूरसंचार खात्याची परीक्षा दिलेला, ‘व्हीयू टू’ने सुरू होणारं कॉलसाइन मिळवलेला आणि ते स्वतःच्या नावाआधी सांगणारा. या जमातीत मिसरूड न फुटलेल्या पोरालाही ‘ओल्ड मॅन’, म्हणजे ओएम म्हणतात. आमचे ओएम तर निवृत्त आहेत, त्यामुळे त्यांना ते शोभूनही दिसतं.

ओएमच्या खोलीतला सेट फार भारी नाही. ‘सेटात घालाल तो रुपया वाया, अँटेनात घाला’ हे त्यांचं ब्रह्मवाक्य. नवशिक्या कुणी भेटला की गणित सुरू होतं: 143 भागिले मेगाहर्ट्झ, उत्तर मीटरमध्ये. 7.1 मेगाहर्ट्झला डायपोल हवा असेल तर सुमारे 20 मीटर तार, मधोमध तोडून तिथे केबल जोडायची. ‘आणि हातभर जास्तच काप. तार कमी करता येते, वाढवता येत नाही.’

अडचण अशी की तार 66 फूट आणि गच्ची 50. मग ‘इन्व्हर्टेड व्ही’, म्हणजे मध्ये एक उंच काठी आणि तारेचे दोन्ही हात तिरपे खाली. दोन हातांमधला कोन नव्वद अंशांच्या आत गेला की ओएम कळवळतात. एक टोक आमच्या कठड्याला बांधलं गेलं, दुसरं बी विंगच्या. बी विंगच्या परवानगीसाठी जो पत्रव्यवहार झाला, तेवढा परवान्यासाठी दिल्लीशीही झाला नव्हता.

विषय सर्वसाधारण सभेत आला. ओएम तयारीनिशी आले होते. 26 डिसेंबर 2004ला अंदमानात त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद यांची हॅम तुकडी योगायोगाने पोर्ट ब्लेअरलाच होती. फोन बंद पडले आणि बाहेरच्या जगाशी या मंडळींनी संपर्क राखला, हे त्यांनी आवाज कापरा होईपर्यंत सांगितलं. तळमजल्यावरचे एक सभासद म्हणाले, ‘ते सगळं ठीक आहे हो, पण पर्वतीपर्यंत त्सुनामी येणार कशी?’ दुसऱ्यांनी थेट मुद्द्याला हात घातला. ‘टॉवरचं भाडं महिन्याला किती देते कंपनी?’ भाडं नाही म्हटल्यावर किरणोत्सर्गाची भीती वाढली. आठवड्याभरात चौघांचे टीव्ही बिघडले. त्या वेळी अँटेनाला केबल जोडलेली नव्हती. ओएमनी ती मुद्दाम त्यानंतर जोडली आणि कुणाला कळू दिलं नाही.

काठी उभी करण्याचं काम मात्र बघण्यासारखं. बोहरी आळीतून जाड भिंतीचा पाइप, तपकीर गल्लीतून चिनी मातीचे अंड्याएवढे इन्सुलेटर. ताणे तीन, एकमेकांपासून 120 अंशांवर. मदतीला आलेल्या पुतण्याने एक ताणा टाकीच्या पाइपाला बांधला, तेव्हा ओएमनी तो निमूटपणे सोडला आणि वाऱ्यावर एक व्याख्यान दिलं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. वळवाच्या पहिल्याच वादळात काठी राहील, टाकी जाईल. नायलॉनचा दोर त्यांना चालत नाही, कारण तो ताणला की लांबतो. आणि विजेच्या तारा जवळ असतील, काठी आडवी झाली तर त्यांना लागेल इतक्या, तर ते त्या गच्चीवर जिनाही चढत नाहीत. एरवी भांडखोर वाटणारा हा माणूस या एका बाबतीत चक्क भित्रा आहे, आणि मला तो इथेच सगळ्यात जास्त आवडतो.

पण ओएमचा खरा जीव अडकलाय जमिनीत. अर्थिंग म्हटलं की त्यांचा चेहरा बदलतो. इमारतीच्या मागे, कढीपत्त्याच्या झाडाजवळ अडीच मीटरचा जीआय पाइप पुरलेला आहे, भोवती कोळसा आणि मीठ. उन्हाळ्यात वॉचमन त्यात रोज बादलीभर पाणी ओततो. त्याला वाटतं, आत काहीतरी लावलंय.

अर्थिंगची पट्टी गच्चीवरून खाली आणायला इलेक्ट्रिशियन आला. कामाचा चोख. प्रत्येक कोपऱ्यावर पट्टी काटकोनात वळवलेली, फूटपट्टीने आखल्यासारखी, आणि उरलेली तळाशी छान गुंडाळून क्लिपमध्ये अडकवलेली.

‘हे काय?’

‘पुढे-मागे लागली तर असू द्या म्हटलं, साहेब.’

‘अरे, वीज सरळ जाते! वळणं आली, गुंडाळी आली की तिला अडथळा होतो. मग ती पट्टी सोडून माझ्या सेटातून वाट काढेल.’

‘पण साहेब, वर अँटेनापाशी तुम्हीच केबल गुंडाळून ठेवलीय की.’

इथे ओएम अर्धं मिनिट गप्प. मग दोघं कठड्याला टेकून उभे राहिले आणि उलगडा सुरू झाला. वरची गुंडाळी मुद्दाम केलेली. ती नव्हती तेव्हा रेडिओची लहर केबलच्या बाहेरच्या जाळीवरून घरात यायची आणि बोलताना माइक ओठाला चावायचा. अर्थिंग असूनही चावायचा, कारण ओएमच्या खोलीपासून खड्ड्यापर्यंतची वायर दहा मीटर, म्हणजे 7 मेगाहर्ट्झला बरोबर पाव लहर. तिचं खालचं टोक जमिनीत पण वरच्या टोकाला रेडिओच्या दृष्टीने जमिनीशी ओळखच नाही. ‘म्हणून अडवायचं असेल तिथे गुंडाळायचं, जाऊ द्यायचं असेल तिथे सरळ सोडायचं.’ इलेक्ट्रिशियनने पट्टी काढून गोलाईत बसवली, सोसायटीच्या मीटरच्या अर्थिंगशी आपली अर्थिंगही जोडून दिली. दोन वेगळ्या ठेवल्या तर वीज पडल्यावर दोघींमधला फरक घराच्या वायरिंगमधून मिटतो, हे त्याला आता ओएमपेक्षा छान सांगता येतं. तो ते सगळीकडे सांगतो. गिझर बसवायला बोलावलेल्यांनाही.

एवढं करूनही मे महिन्यात आभाळ गडगडलं की ओएम खिडकीबाहेरच्या डब्यात केबल उपसतात आणि सेटाचा प्लगही काढून ठेवतात. अर्थिंगवर विश्वास नाही का, विचारलं तर म्हणतात, ‘आहे ना. पण विजेवर नाही.’

मग एका पहाटे बल्गेरिया लागलं. ओएमच्या आवाजाने घर उठलं. नाव, गाव, सिग्नल किती, हवा कशी, सेट कोणता, अँटेना कोणती, शेवटी ‘सेव्हन्टी थ्री’, म्हणजे शुभेच्छा. संपलं. वहिनी चहा घेऊन दारात.

‘काय म्हणाला?’

‘तिकडे पाऊस आहे.’

‘आणखी?’

‘त्याचाही डायपोलच आहे.’ ओएमनी हेडफोन काढला. ‘पण वीस मीटर उंचीवर.’

वहिनींनी कप टेबलावर ठेवला. ‘म्हणजे आता पुन्हा बोहरी आळी?’