भिऱ्याहून सुटलेली झुंज

कोलाडला कयाकमधून मासेमारीचा बेत ठरला की आधी व्हॉट्सॲप ग्रुप निघतो, मग महागडा गळ येतो. नदीची चौकशी सर्वांत शेवटी. इथल्या कुंडलिका नदीला जोर येतो तो मुळशी धरणाच्या पाण्याचा, भिऱ्याच्या वीजघरात टर्बाइन फिरवून सुटलेला. म्हणजे स्टेटसवरची 'रौद्र निसर्गाशी झुंज' प्रत्यक्षात मुंबईच्या विजेशी असते! पाणी सुटलं की दोन्ही हात वल्ह्याला. गळ मांडीखाली, गांडुळांचा डबा उलटा, आणि गांडुळं लाइफ जॅकेटच्या पट्ट्यात. ओसरलं की कयाक खडकावर. मासे कपारीत निवांत. काठावर तंबाखू मळणारे काका तेवढं विचारतात, "साहेब, रोह्याच्या बाजारातनं आणून देऊ का?"