उघड्या दाराला कुलूप

खाडीकाठच्या आमच्या द्रोणागिरीतल्या होल्डिंग पाँडच्या उघाडीला, म्हणजे भरतीचं पाणी अडवायच्या दाराला, कुलूप आहे. चांगलं पितळी, तळहाताएवढं. फक्त ते लावलं तेव्हा दार वर होतं, त्यामुळे दार वरच राहिलं आहे. म्हणजे उघाडी उघडी आणि कुलूप बंद. उधाणाची भरती आली की समुद्र कुलपाखालून आत येतो, सेक्टरमध्ये चक्कर मारतो आणि ओहोटीला निवांत परत जातो. कुलूप शाबूत असतं.

कुलूप कशासाठी, असा भाबडा प्रश्न नव्याने राहायला आलेले लोक विचारतात. दार वर-खाली करायचं लोखंडी चाक भंगारवाल्यांनी नेऊ नये म्हणून चाकाला साखळी आणि साखळीला कुलूप. चाक सुरक्षित आहे. गावं आणि सेक्टर यांच्यासाठी तशी साखळी उपलब्ध नाही.

आता चावी. चावी साहेबांकडे आहे. कोणत्या, ते वॉचमनला विचारावं, तर तो खाडीकडे बोट दाखवतो. पाँड एका खात्याचा, उघाडी दुसऱ्याची, साखळी ठेकेदाराची. कुलूप कोणाचं, यावर पत्रव्यवहार चालू आहे. पाँडमधला गाळ कोणाचाच नाही, म्हणून तो साचला. त्या गाळात तिवर उगवली. तिवर तोडायला कायद्याने बंदी, त्यामुळे आता गाळ काढायचा म्हटलं की सगळे पर्यावरणप्रेमी होतात. पलीकडे डंपरामागून डंपर मुरूम ओतून हीच तिवर जिवंत गाडली, तेव्हा हे प्रेमी बहुधा जेवायला गेले होते.

मान्सूनपूर्व कामं मात्र होतात, खोटं कशाला बोला. दर मे महिन्यात एक माणूस येतो आणि उघाडीला पिवळा रंग देऊन जातो. दाराला, चाकाला, साखळीला आणि कुलपालाही. जवळ जाऊन पाहिलं तर चावीच्या भोकात रंगाचा थर सुकून बसलेला दिसतो, वर एक बुडबुडासुद्धा. म्हणजे उद्या साहेब सापडले, साहेबांचं कपाट सापडलं, कपाटात चावी सापडली, तरी ती आत जायची नाही. रंगाचं बिल पास झालेलं आहे.

आमच्या द्रोणागिरी डोंगराची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. संजीवनी कोणती ते कळेना, तेव्हा मारुतीराया अख्खा पर्वत घेऊन निघाले आणि त्याचा एक तुकडा म्हणे इथे पडला. त्याच न्यायाने चावी कोणती ते कळत नसेल तर अख्खी कचेरीच उचलून उघाडीपाशी आणून ठेवावी, असा अर्ज आम्ही करणार होतो. पण कचेरी उचलायलाही ना-हरकत दाखला लागतो.

यात आमचंच काही चुकतंय असं वाटत होतं. मग जगाकडे पाहिलं आणि जीव भांड्यात पडला. 1992 साली रिओत सगळे देश जमले आणि ठरलं की हवामानाची जबाबदारी सर्वांची आहे, पण प्रत्येकाची वेगवेगळी. म्हणजे आमच्या उघाडीची फाइलच. ज्यांनी शे-दीडशे वर्षं कोळसा जाळला त्यांनी जास्त उचलायचं, हा त्यातला अर्थ रास्तच होता; पण उचलायची वेळ आली की जो तो खाडीकडे बोट दाखवतो. रिओच्या वेळी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 356 भाग होते, आता 420 च्या पुढे गेलेत. मधल्या काळात क्योटो झालं, कोपनहेगन झालं. 2009 मध्ये कोपनहेगनला गरीब देशांसाठी 2020 पर्यंत वर्षाला 100 अब्ज डॉलर उभे करायचं कबूल झालं. ते उभे राहिले 2022 साली, तेही कर्ज किती आणि मदत किती यावर वाद घालत. 2015 मध्ये पॅरिसच्या परिषदेत तापमानवाढीला दीड अंशाचं कुलूप लागलं. 2024 चं सरासरी तापमान त्या कुलपाखालून पलीकडे गेलं. कुलूप शाबूत आहे. खनिज इंधनांपासून दूर जायला हवं, हे कागदावर यायला दुबईची अठ्ठाविसावी हवामान परिषद उजाडावी लागली, आणि 2025 मध्ये बेलेमच्या परिषदेत मुख्य ठरावातून त्या इंधनांचं नावच गायब. भोकात रंग भरणारा तो माणूस तिथेही जाऊन आला असावा.

आणि हे सगळं इथे येऊन थांबतं, अक्षरशः थांबतं, कारण इथे बंदराचे ट्रेलर थांबतात. विषय निघालाच आहे तर बोलून घेतो. सर्व्हिस रोडच्या दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस फुटी कंटेनर लादलेले ट्रेलर, मधून जेमतेम रिक्षा जाईल एवढी फट, आणि त्या फटीत शाळेची बस. जगाच्या एकूण उत्सर्जनात जहाज वाहतुकीचा वाटा सुमारे तीन टक्के, असं अहवाल सांगतात. जहाजातून उतरल्यावर त्या डब्यांचं काय होतं ते अहवालवाल्यांनी आमच्या गॅलरीत येऊन मोजावं. उन्हाचा पारा चढला की ड्रायव्हर केबिन गार ठेवायला इंजिन चालू ठेवून झोपतो. त्याला बोलण्यात अर्थ नाही. त्याला गेटवर नंबर लागेपर्यंत रात्र काढायची आहे, त्याच्यासाठी ना पार्किंग, ना संडास, ना झाडाची सावली. झाड होतं तिथे यार्ड आहे. ज्या खाजणात जिताडा, निवटी, चिंबोऱ्या मिळत तिथे भराव आहे. भरावावर टॉवर आहे आणि टॉवरच्या जाहिरातीत ‘निसर्गाच्या कुशीत’ असं लिहिलंय. निसर्ग पहिल्या मजल्यापर्यंत कुशीत येतो, दर अमावास्या-पौर्णिमेला! इथल्या करंजा-मोऱ्याच्या कोळ्याने कोणता कोळसा जाळला? खोपट्याच्या शेतकऱ्याने किती विमानप्रवास केला? 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा कौलं यांचीच उडाली, आणि पंचनाम्यासाठी सात-बारा मागितला तोही यांच्याकडेच. यांची जमीन शहराला गेली, खाडी बंदराला गेली, आता उरलंसुरलं समुद्राला जातंय, आणि मेळाव्यात यांनाच सांगायचं की प्लास्टिकची पिशवी वापरू नका.

पूर्वी या खारभूमीत बांध-उघाडी गाव सांभाळत असे. जोळ म्हणत त्या व्यवस्थेला. बांधाला खांड पडली की घरटी एक माणूस घमेलं-फावडं घेऊन रात्री चिखलात उतरायचा. उघाडीला लाकडी फळी असायची. कुलूप नव्हतं. चिखलात उतरायला परिपत्रकाची वाट पाहिलेली कोणाला आठवत नाही. ती माणसं अडाणी होती; त्यांना समुद्रपातळी म्हणजे काय हे माहीत नव्हतं, फक्त पाणी कुठवर येतं ते माहीत होतं.

आता आमचीही जागृती होणार आहे. येत्या अमावास्येला सकाळी अकरा वाजता उघाडीपाशीच ‘हवामान बदल आणि आपण’ असा मेळावा ठेवलाय. मांडव पडलाय. फ्लेक्स बांधायला दुसरं काही भक्कम मिळेना म्हणून तो कुलपाच्या साखळीलाच बांधलाय. प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते वृक्षारोपण, मग 2070 पर्यंत देश कार्बनमुक्त कसा होणार यावर मार्गदर्शन, मग अल्पोपाहार. भरती पावणेबाराची आहे.

पाहुण्यांना एकच विनंती : गाडी ट्रेलरच्या मागे लावू नका. ट्रेलर हलणार नाही आणि गाडी तरंगेल.